होम थिएटरच्या प्रोसेसरवर किती पैसे घालावेत? लातूरची १२ बाय १८ ची खोली, बजेट ४ लाख

औसारोड (लातूर)

नमस्कार मंडळी. लई दिवसांपासून इथं नुसतं वाचायलोय, धागा पहिल्यांदाच काढायलोय, लांबला तर सांभाळून घ्या.

औसा रोडला घराचं काम संपत आलंय. वरच्या मजल्यावर एक खोली सिनेमासाठी ठेवलीय, १२ बाय १८ फूट, उंची १०. खाली शहाबादी, वर स्लॅब, चारी भिंती प्लास्टरच्या, खिडकी एकच. वायरिंगचे पाइप अजून उघडे आहेत म्हणून आत्ताच ठरवायचंय. टीव्ही सोडून सगळं मिळून ४ लाख, त्याच्या वर जमणार नाही.

संभाजीनगरला एका दुकानात गेलो तर त्यांनी दोन कोटेशन दिले. पहिल्यात वेगळा प्रोसेसर (सिनेमाचा आवाज एकेका स्पीकरला वाटून देणारा डबा), तोही डेमो पीस, आणि त्याला पॉवर ॲम्प, दोन्ही मिळून २ लाख ७० हजार. म्हणजे स्पीकर, सब (बासचा सबवूफर), वायरी सगळ्याला मिळून राहतात १ लाख ३०. दुसऱ्यात ९ चॅनलचा, म्हणजे नऊ स्पीकर चालवणारा रिसिव्हर (प्रोसेसर आणि ॲम्प एकाच डब्यात), दीड लाखाच्या आसपास. चुलतभाऊ म्हणतोय ७ चॅनलचा साधा घे, पाऊण लाखात होतंय, उरलेले स्पीकरला घाल. दुकानदार म्हणायलेत की एकदाच घ्यायचंय तर प्रोसेसर घ्या, पुढची १० वर्षं बघायला नको.

आता खरी गोष्ट सांगतो. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, शिक्षक होते. त्यांना टीव्हीवरचं बोलणं कळत नाही. आवाज येतो पण शब्द लागत नाहीत म्हणतात. मग ते आवाज पार वाढवतात, आणि मधेच मारामारी आली की आई दचकते. सिनेमाची हौस माझी आहे पण पहिली गरज ही आहे, बाबांना बोलणं कळलं पाहिजे. एवढ्या सगळ्या फीचरमधलं नेमकं कोणतं याच्यासाठी पैसे देण्यासारखं आहे ते सांगा.

सिडकोकर (छ. संभाजीनगर)

पहिलं कोटेशन आजच बाजूला ठेवा दादा. दुकानदार खोटं बोलायलेत असं नाही, प्रोसेसर चांगलाच असणार, पण ४ लाखातले पावणेतीन लाख ज्या डब्यातून स्वतःहून आवाजच निघत नाही त्यात घातले तर ऐकणार कशावर?

आणि "१० वर्षं बघायला नको" हे प्रोसेसरच्या बाबतीत तर उलटंच आहे. या सगळ्या सामानात सगळ्यात लवकर म्हातारं होतं ते प्रोसेसिंगच. बघा, एचडीएमआय २.० आलं २०१३ ला, २.१ चं स्पेसिफिकेशन आलं २०१७ ला. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे छतातूनही आवाज देणारं तंत्र, थिएटरात आलं २०१२ ला आणि घरच्या मशीनमध्ये २०१४ ला, तसलंच डीटीएस एक्स २०१५ ला. म्हणजे २०१३ मध्ये ज्यानं जन्माचा म्हणून भारीतला प्रोसेसर घेतला त्याच्याकडं दोन वर्षांत ना ॲटमॉस ना डीटीएस एक्स. आणि त्याच माणसाचे त्याच वर्षीचे स्पीकर आजही तितकेच छान वाजत असतील. स्पीकर म्हातारे होत नाहीत, जपले तर वीस वर्षं जातात.

वॅटचं पण सांगतो कारण कोटेशनमध्ये हा आकडा ठळक करून दिलेला असतो. ८० वॅटचा रिसिव्हर आणि १०५ वॅटचा रिसिव्हर, फरक किती? १.२ डेसिबल. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॅट. शिवाय कोणता वॅट ते बघा, "८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनल चालू" असं लिहिलं असेल तर तो आकडा धरायचा, "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १०% डिस्टॉर्शन" असं असेल तर तो आकडा मोठा दिसण्यासाठीच आहे. १२ बाय १८ ला कोणताही धड रिसिव्हर पुरतो.

मग पैसे कशासाठी द्यायचे? माझ्या मते दोनच गोष्टींसाठी. रूम करेक्शन (मायक्रोफोननं खोली मोजून आवाज दुरुस्त करायची सोय) कोणत्या दर्जाचं आहे, आणि मागं प्री-आउट (बाहेरचा ॲम्प जोडायच्या जागा) आहेत का. बाकी सगळं सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

दुरुस्तीवाला_परभणी

मी दुरुस्तीच्या बाजूनं सांगतो. १५ वर्षं झाले दुकानात बसायलोय, आधी नुसते ॲम्प बांधत होतो, ५२००/१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोडीचे बोर्ड, लहान कामाला टीडीए ७२९४ ची आयसी. आजही आपल्याकडं लई घरांत हेच आहे, बांधून घेतलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) ॲम्प आणि त्याच्या पुढं डिकोडरचा छोटा डबा. टीव्हीतून ऑप्टिकल नाहीतर एआरसी (एचडीएमआयच्याच वायरीतून टीव्हीचा आवाज बाहेर काढायची सोय) घालायचं, मागून सहा आरसीए निघतेत, झालं. दहा-पंधरा हजारांत सहा पेट्या वाजतेत आणि ज्याची बजेट कमी असती त्याच्यासाठी ते वाईट नाही, मी स्वतः कित्येकांना लावून दिलंय.

पण त्या डब्यात काय नसतं ते पण ऐका. खोलीचं मोजमाप नाही. बहुतेकांत स्पीकर किती लांब आहे ते भरायची सोय नाही, कोणत्या पेटीतून किती बास काढून सबला द्यायचा ते ठरवता येत नाही. सेंटरचा, म्हणजे समोरच्या मधल्या स्पीकरचा आवाज कमी-जास्त करता येतो तेवढाच. म्हणजे प्रोसेसरचे पैसे नेमके कशाचे असतेत हे मला तो डबा वापरून कळालं.

आता दुसरं. ॲम्पची बाजू जळाली तर परभणीत, लातुरात, कुठंबी दुरुस्त होती, ट्रान्झिस्टर दोनशे-चारशेचा असतो. पण एचडीएमआयचा बोर्ड गेला तर आमच्या हातात काही नाही. बोर्ड कंपनीकडूनच यावा लागतो. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि डिशच्या वायरीतून टीव्ही, टीव्हीतून रिसिव्हर असं एकाचं सगळं गेलं. कंपनीचं नाव घेत नाही. बोर्ड यायला चार महिने लागले, आणि किंमत मशीनच्या निम्मी. मशीन घेताना विचारा की सर्व्हिस सेंटर कुठं आहे, पुण्याला पाठवायचं तर नेणार कोण. मी तर म्हणतो फीचरच्या यादीत हे पहिल्या नंबरला लिहा.

गोदाकाठ (नांदेड)

दादा, तुमच्या बाबांचं वाचलं म्हणून लिहितेय. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच होतं, "आवाज येतो पण बोलणं कळत नाही." मी कान तपासायचं काम करते म्हणून यातलं थोडं सांगू शकते.

वयानं कान कमी होतो तो आधी वरच्या पट्टीत होतो. आणि स, श, त, क, फ ही जी व्यंजनं आहेत त्यांची ओळख बरीचशी वरच्या पट्टीतच असते. स्वर जाड पट्टीत असतात ते ऐकू येतात, म्हणून आवाज येतो, पण "सात" का "हात" ते लागत नाही. आवाज वाढवला की स्वर अजून मोठे होतात, व्यंजनं तिथंच राहतात.

आता त्यात तुमची खोली घाला. शहाबादी, प्लास्टर, स्लॅब. टाळी वाजवून बघा, किती वेळ घुमते. एका अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर पडतो. चांगल्या कानाचा माणूस त्यातून शब्द काढतो, म्हातारा माणूस काढू शकत नाही. हे कोणत्याही प्रोसेसरनं पूर्ण जात नाही, मायक्रोफोन लावून मोजलं तरी नाही. त्याला खोलीत कापड-गादीसारखं मऊ सामानच लागतं. आमच्याकडं आधी नुसती जाड सतरंजी टाकली, सोफ्याच्या पुढं, आणि स्पीकरच्या बाजूच्या भिंतीला पडदे. सासूबाईंनीच सांगितलं की आज बोलणं बरं येतंय. त्यांना मी काय केलंय ते सांगितलंसुद्धा नव्हतं.

आणि कूलर! उन्हाळ्यात तो मोठा लोखंडी कूलर खिडकीत चालू असतो आणि आपण म्हणतो रिसिव्हर चांगला नाही. त्या घरघरीत हळू बोललेलं सगळं बुडतं. खोली बंदिस्त करणारच आहात तर एसीचा पॉइंट काढून ठेवा, ते पैसे आवाजाचेच आहेत असं समजा.

बाबांचा कान एकदा तपासून घ्या. यंत्र लागत असेल तर ते आधी.

औसारोड

ताई, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. "सात का हात" ला त्यांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात तपासायला नेतो. टाळी वाजवली, खोली रिकामी आहे म्हणून असेल पण विहिरीत वाजवल्यासारखी घुमते.

मोंढा_जालना

मी वेगळा प्रोसेसर वापरतो, ११ चॅनलचा, म्हणून दुसरी बाजू मांडतो, कारण इथं सगळे एकाच बाजूनं बोलायलेत.

सिडकोकर म्हणाले प्रोसेसिंग लवकर म्हातारं होतं, बरोबर आहे, पण काहून लोक वेगळा घेतात त्याचंही कारण तेच आहे. माझे ॲम्प २००८ चे आहेत, अजून तेच. प्रोसेसर मी दोनदा बदलला. रिसिव्हर असता तर दोनदा ॲम्पसकट फेकावा लागला असता. दुसरं, माझी खोली २६ फूट लांब, ॲम्प मागं ठेवलेत, वायर लांब जाते, तिथं एक्सएलआर म्हणजे बॅलन्स्ड जोडणीनं घरघर येत नाही. तिसरं, माझे स्पीकर ४ ओहमचे आणि अवजड आहेत, त्यांना रिसिव्हर तापत होता, आणि मे महिन्यात जालन्यात ४२-४३ डिग्री असताना बंद कपाटात तापणारं मशीन फार टिकत नाही.

पण हे तिन्ही मला लागू होतं म्हणून. औसारोड, तुमची खोली १८ फूट, स्पीकर अजून घेतलेच नाहीत, ॲम्प घरात नाही. तुमच्याकडं तिन्हीतलं एकही कारण नाही. मी प्रोसेसरवाला असूनही सांगतो, घेऊ नका. प्री-आउट असलेला रिसिव्हर घ्या, उद्या वाटलं तर बाहेरून ॲम्प जोडा, तोच प्रोसेसर होतो. डेनॉन कंपनीच्या एक्स३८००एच सारख्या रिसिव्हरांत तर आतले ॲम्प बंद ठेवून नुसता प्रोसेसर म्हणून वापरायचा मोडच दिलाय.

सिडकोकर

रात्री लिहितो म्हणालो होतो, तर घ्या.

मोंढा सरांनी प्री-आउटचं सांगितलंच. आता रूम करेक्शन. डेनॉन आणि मरांट्झच्या मशीनमध्ये ऑडिसी नावाचं करेक्शन असतं, त्याच्या पायऱ्या आहेत: मल्टईक्यू, एक्सटी, एक्सटी३२. यामाहाचं स्वतःचं वायपाओ. डिरॅक ही स्वीडनची कंपनी, तिचं करेक्शन काही मशीनमध्ये येतं, ऑन्क्योच्या आरझेड५० मध्ये किमतीतच आहे, डेनॉनमध्ये वरच्या मॉडेलांनाच, आणि परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. कोटेशनवर "डिरॅक रेडी" लिहिलं असलं तर "रेडी" शब्दाकडं नीट बघा, ते पैसे नंतर जायचेत.

१८ फुटांच्या लांबीत ३१ हर्ट्झच्या आसपास आवाज साठतो, १२ फुटांत ४७, १० फूट उंचीत ५६. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीनं भागा, गणित सोपं आहे. म्हणजे खोलीत एका जागी बास धबाधबा येणार आणि दोन फूट सरकलं की गायब. हे तुमच्या खोलीत होणारच, कोणतेही स्पीकर आणा. खालच्या ऑडिसीपेक्षा एक्सटी३२ मध्ये फिल्टर पुष्कळ बारीक आहेत, बासमध्ये ते कानाला कळतं. माझ्याकडं आधी साधं होतं, मग हे आलं, स्पीकर तेच, आणि मला नवीन सब आणल्यासारखं वाटलं. मी पैसे दिले आणि ज्याचा पश्चात्ताप नाही असं हे एकच फीचर.

पण करेक्शन एका जागेचा बास नीट करतं, तीन जागांचे तीन वेगवेगळे बिघाड एकदम नीट करू शकत नाही. त्याला दोन सब लागतात, दोन बाजूंच्या भिंतींच्या मधोमध. ४० हजारांचा एक घेण्यापेक्षा २०-२५ चे दोन.

चॅनल: सोफा मागच्या भिंतीला टेकणार असेल तर ७.१ चे मागचे दोन स्पीकर लावणार कुठं? त्यांना जागाच नाही. ५.१.२ करा (शेवटचा आकडा छताच्या स्पीकरचा), पाइप ५.१.४ चे टाका. पाइप स्वस्त, नंतर स्लॅब-भिंत फोडणं महाग.

ईएआरसी (एआरसीचीच नवी, मोठी आवृत्ती): तुमचं बघणं टीव्हीच्या ॲपवर असेल तर तिथलं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, ते साध्या एआरसीमधून पण जातं. ट्रूएचडी, म्हणजे ब्लू-रेचं, त्याला ईएआरसी हवं, पण प्लेअर सरळ रिसिव्हरला जोडला की तोही प्रश्न नाही. ४के १२० (सेकंदाला १२० चित्रं) वगैरे लेकरं गेम खेळत असतील तर. नसतील तर त्याचे पैसे देऊ नका. ८के साठी तर अजिबात देऊ नका.

शेतातलं_घर (अंबाजोगाई)

लाइटीचं कुणीच बोललं नाही. रब्बीत मोटारी चालू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज १७० वर येतं आणि रात्री मोटारी बंद झाल्या की २५० दाखवतं. लातूर शहरात एवढं नसेल पण दीड लाखाचं मशीन आहे. चांगला स्टॅबिलायझर, सर्ज प्रोटेक्टर आणि वेगळी अर्थिंग. अर्थिंग खड्डा करून, मीठ-कोळसा घालून, नीट. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर प्युअर साइनवेव्हचाच, साध्या इन्व्हर्टरवर स्पीकरमधून गुणगुण येते, मी दोन महिने रिसिव्हरला दोष देत होतो. आणि आभाळ आलं की डिशची वायर काढा.

दुरुस्तीवाला_परभणी

वर बरोबर सांगितलंय. डिशची वायर लई मशीन खाती.

औसारोड

एकच शंका. सेंटर स्पीकरला किती पैसे द्यावेत? दुकानात टॉवरचा, म्हणजे उंच उभ्या स्पीकरचा भाव सांगतेत, सेंटर नुसता सेटमध्ये येतो म्हणतेत.

मोंढा_जालना

सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं सेंटरमधून येतं. बाबांसाठी करायलाव ना, मग तिथून सुरू करा. टॉवर नको, त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतले बुकशेल्फ (छोटे स्पीकर) घ्या डाव्या-उजव्याला, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबला जाणारच आहे, आणि वाचलेल्या पैशांतून मोठा सेंटर. तिघं एकाच मालिकेतले पाहिजेत नाहीतर माणूस स्क्रीनवर डावीकडून उजवीकडं चालला की मध्येच त्याचा आवाज बदलतो.

गोदाकाठ (नांदेड)

आणि शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नका. कडेला आणून, टीव्हीच्या खाली असेल तर वर तोंड करून, कानाकडं. नाहीतर गुडघ्यांना ऐकू येतं.

औसारोड

मंडळी, अडीच महिन्यांनी आलोय, धागा अर्धवट ठेवायचा नव्हता.

शेवटी काय घेतलं ते लिहितो, कुणाला उपयोग होईल. ९ चॅनलचा, आदल्या वर्षीचं मॉडेल, एक्सटी३२ आणि सगळे प्री-आउट असलेला, घासाघीस करून १ लाख ४५. समोरचे तीन एकाच मालिकेतले, १ लाख १०, त्यातला मोठा वाटा सेंटरचा. सराउंड (बाजूच्या स्पीकरची) जोडी २५ हजार, छताचे दोन २० हजार. १० इंची दोन सब ७० हजार. स्टॅबिलायझर, सर्ज आणि अर्थिंग १८ हजार. उरलेल्या १२ हजारांत जाड गालिचा, पडदे आणि दोन इंची रॉकवूलच्या (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीच्या) चौकटी, त्या मी आणि सुतारानं मिळून बनवल्या, वरून कापड आईनं शिवलं. दोन चॅनल रिकामे आहेत, पाइप टाकून ठेवलेत. एसी पुढच्या उन्हाळ्याआधी.

सब आधी एकच जोडला होता, कोपऱ्यात. आईच्या जागेवर घुमायला लागला आणि बाबांच्या जागेवर काहीच नाही. मग दोन्ही भिंतींच्या मध्यावर ठेवले, मध्यरात्री पंखा बंद करून ऑडिसी सांगतं त्या आठही जागांवर मायक्रोफोन स्टँडवर लावून मोजलं, सोफ्याच्या पाठीवर ठेवून नाही. आता सोफ्याच्या तिन्ही जागांवर जवळपास सारखं आहे. मोजल्यावर ऑडिसीनं सेंटर बाकीच्यांच्या बरोबरीला ठेवला, मी हातानं ३ डेसिबल वाढवला.

बाबांचा कान तपासला. यंत्र सांगितलंय, उजव्या कानाला, ते अजून आलेलं नाही. म्हणजे हे यंत्राशिवायचं सांगतोय. परवा रात्री एक जुनं मराठी नाटक लावलं, बाबा मधल्या जागेवर होते. पहिल्या अंकात एकदाही "काय म्हणाला?" विचारलं नाही. दुसऱ्या अंकात मला म्हणाले, रिमोट घे, आवाज थोडा कमी कर.

आई माझ्याकडं बघायला लागली. गेल्या सहा-सात वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

गोदाकाठ (नांदेड)

वाचून डोळे भरून आले दादा. यंत्र आलं की सेंटरचे ते ३ डेसिबल काढून बघा, कदाचित लागणार नाहीत, आणि यंत्र घालून पहिले काही दिवस सब थोडा कमी ठेवा, त्यांना ढणढणल्यासारखं होईल.

शेतातलं_घर (अंबाजोगाई)

रॉकवूलच्या चौकटी किती मोठ्या केल्या? आणि भिंतीवर नेमक्या कुठं?

औसारोड

४ बाय २ फूट, सहा. दोन-दोन बाजूच्या भिंतींना, बाबांच्या जागेवर बसून दुसऱ्याला भिंतीवर आरसा सरकवायला लावला आणि जिथं आरशात समोरचा स्पीकर दिसला तिथं. उरलेल्या दोन सोफ्याच्या मागं. भिंतीपासून दोन इंच पुढं, मागं पोकळी ठेवून. रॉकवूल कापताना हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधा, लई खाजतं.